लाखेत बुडवलेली सरकी

जुलै २०२०. करोनाच्या धास्तीने नागपूरकर घराबाहेर पडायला बिचकत होते, आणि त्याच महिन्यात शहरातल्या गिल्लूरकर रुग्णालयात काही धडधाकट माणसं आपणहून दंड पुढे करत होती. कोव्हॅक्सिन या लसीची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा केलेला विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेकने वाढवला होता आणि रसायनाने निष्प्राण केला होता. पहिल्या टप्प्यात देशातल्या ११ रुग्णालयांत मिळून १८ ते ५५ वर्षं वयाचे ३७५ स्वयंसेवक होते. त्यांत नागपूर होतं, गोवाही होतं. लस टोचल्यावर ठरलेल्या दिवशी त्यांचं रक्त पुन्हा पुन्हा काढण्यात आलं.

त्या रक्तात विषाणू शोधायचा नव्हता, तो मेलेलाच होता. शोधायची होती त्याची आठवण.

'आठवण' हा शब्द इथे कवितेतून आलेला नाही. प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तो रोजच्या कामात वापरतात, मोजतात, त्यावर निबंध लिहितात. शरीराची एखाद्या रोगजंतूशी एकदा गाठ पडली की दुसऱ्या वेळी ते त्याला लवकर आणि जास्त नेमकेपणाने ओळखतं. लस ही पहिली गाठ रोगाशिवाय घालून देते. पण आठवण म्हटली की मागोमाग एक प्रश्न येतोच. भारतीय दर्शनांनी हजार वर्षांहून अधिक काळ त्याच्यावर डोकेफोड केली आहे. ही आठवण कोणाची?

न्यायदर्शनाने आत्म्याच्या बाजूने जे पुरावे मांडले, त्यांतला एक भक्कम पुरावा आठवणीचाच आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात तो अगदी आरंभी येतो. जी वस्तू काल डोळ्यांनी पाहिली, तीच आज हाताला लागली की 'ही तीच' असं आपण ओळखतो. डोळ्याला स्पर्श कळत नाही, हाताला रंग कळत नाही. मग कालचं पाहणं आणि आजचं चाचपणं एकत्र आणलं कोणी? पाहणारा आणि ओळखणारा एकच असला पाहिजे, तो इंद्रियांहून वेगळा असला पाहिजे, आणि मधल्या काळात तो जसाच्या तसा टिकून राहिलेला असला पाहिजे. देवदत्ताने पाहिलेलं यज्ञदत्ताला आठवत नाही. तसंच 'मी' जर क्षणोक्षणी बदलत असेन, तर कालच्या 'मी'ने पाहिलेलं आजच्या 'मी'ला आठवायचं काही कारणच उरत नाही.

बौद्ध तत्त्वज्ञांनी हे मानलं नाही. टिकून राहणारा कोणी नसतो, कारणांनी एकमेकांना जोडलेल्या घटनांची एक अखंड मालिका असते, तिला ते 'संतान' म्हणतात. वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या अखेरच्या प्रकरणात आठवणीचा हा प्रश्न समोरासमोर घेतला आणि उत्तर दिलं की आठवण त्या मालिकेतच उपजते, तिला वेगळा मालक लागत नाही. हे समजावताना तर्कग्रंथांत कापसाचा एक दृष्टांत येतो. सरकी लाखेच्या रसात बुडवून पेरली, तर पुढे बोंडातून निघणारा कापूस तांबूस होतो. मध्ये सरकी कुजली, अंकुर आला, झाड झालं, फूल आलं, बोंड धरलं. एवढ्या वाटेत लाल रंग हातात धरून चाललेला कोणीही नाही. तरी ज्या मालिकेत संस्कार झाला, त्याच मालिकेत फळ दिसलं.

विदर्भातला कोणताही कास्तकार सांगेल की लाखेने पऱ्हाटीचा कापूस तांबडा होत नाही. दृष्टांत शेतीच्या कसोटीवर साफ पडतो. पण शेतात जे होत नाही, ते दंडात होतं.

सुई दंडाच्या स्नायूत शिरते. आतला द्रव पोहोचतो तिथे डेंड्रिटिक पेशी नावाच्या फांदीदार पेशी येतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्यांचं वर्णन केलं, तोवर त्यांच्याकडे कोणी फारसं पाहिलं नव्हतं. या पेशी मेलेल्या विषाणूचे तुकडे गिळतात. मात्र नुसता परका पदार्थ सापडला म्हणून त्या धावपळ करतीलच असं नाही. सोबत धोक्याची काही खूण लागते, म्हणून अनेक लसींत तुरटीच्या कुळातला अॅल्युमिनियमचा क्षार मिसळतात. अलेक्झांडर ग्लेनी यांनी त्याचा गुण १९२६ मध्ये दाखवला. कोव्हॅक्सिनमध्ये त्या क्षाराला आणखी एक रेणू जोडलेला आहे, जंतूंची चाहूल घेणाऱ्या पेशींमधल्या जागा चेतवणारा. लक्ष वेधलं गेलं नाही तर आठवण राहत नाही, हे पेशींच्या पातळीवरही खरं आहे.

चेतलेली पेशी विषाणूचे तुकडे अंगावर मिरवत लसिकावाहिनीतून काखेतल्या गाठीपर्यंत जाते. लस घेतल्यावर काखेत जे ठणकतं, ते याच वर्दळीमुळे. तिथे बी-पेशी आणि टी-पेशी या रोगजंतू ओळखणाऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असतात, आणि बहुतेक प्रत्येक पेशीच्या अंगावरचा ग्राहक, म्हणजे जंतूचा तुकडा पकडणारा रेणू, वेगळ्या घडणीचा असतो. ही घडण विषाणू पाहून होत नाही, ती आधीच झालेली असते. जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून पेशी आपापला ग्राहक बनवतात. ही प्रक्रिया उलगडून दाखवल्याबद्दल सुसुमु टोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. पृथ्वीवर कोणी पाहिलेला नाही अशा जंतूला बसेल असा ग्राहकही त्या गर्दीत असू शकतो. ज्या पेशीचा जुळतो तिची संतती वाढते, बाकीच्या तशाच राहतात. निल्स येर्ने यांनी १९५५ मध्ये निवडीची ही कल्पना मांडली आणि पुढे स्वतःच लिहिलं की तिचं मूळ सॉक्रेटिसापुढे मांडल्या गेलेल्या कोड्याशी जुळतं: जे मुळीच ठाऊक नाही ते माणूस शोधणार कसं, आणि ठाऊक असेल तर शिकणार काय? १९५७ मध्ये फ्रँक मॅकफार्लन बर्नेट यांनी त्या कल्पनेला पेशींचं रूप दिलं.

पुढचा भाग सर्वांत विलक्षण आहे. निवड झालेल्या बी-पेशी गाठीतल्या एका खास जागी भराभर दुभंगतात, आणि दुभंगताना ग्राहकाच्या जनुकात मुद्दाम चुका करतात. इतर पेशींत अशी चूक घडली तर ती दुरुस्त होते. इथे ती घडवली जाते. बहुतेक बदल बिघाडच करतात आणि त्या पेशी मरतात. थोड्या बदलांनी पकड घट्ट होते, त्याच पेशी पुढे टिकतात. हा क्रम आठवडेच्या आठवडे चालतो. त्यातून दोन वंश निघतात. काही पेशी हाडांच्या मज्जेत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला जखडणारी प्रथिनं, स्रवत राहतात. काही स्मृतिपेशी होऊन गप्प फिरतात, पुन्हा तोच जंतू दिसेपर्यंत.

आता न्यायाचा प्रश्न इथे लावून पाहावा. विषाणू ज्या डेंड्रिटिक पेशीने पहिल्यांदा हाताळला, ती काही दिवसांत मरून गेली. ज्या बी-पेशीने तो प्रथम ओळखला, तिच्या जागी तिच्या लेकी, नाती, पणत्या आहेत, आणि त्यांचा ग्राहकही तिच्यासारखा राहिलेला नाही. रक्तातली प्रतिपिंडं तीनेक आठवड्यांत निम्मी होतात, म्हणजे वर्षानंतर रक्तात सापडणारं प्रतिपिंड लसीच्या दिवशी अस्तित्वातही नव्हतं. ज्याने पाहिलं तो उरला नाही, जो ओळखतो त्याने पाहिलं नाही. तरी ओळख पक्की आहे, पहिल्यापेक्षा जास्त नेमकी आहे. आठवण मूळ अनुभवाहून अचूक निघावी, ही गोष्ट नैयायिकांनाच काय, बौद्धांनाही सुचली नव्हती.

अशा आठवणीचं आयुष्य किती असतं, याचा जुना दाखला उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर आहे. तिथे १७८१ मध्ये गोवर आला आणि नंतर ६५ वर्षं फिरकलाच नाही. १८४६ मध्ये तो परतला तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने गावोगाव फिरून नोंद केली. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी कोणालाही तो पुन्हा झाला नाही. बालपणी रोगाशी गाठ पडलेल्या पेशी त्यांच्या अंगात नव्हत्या. वंश होता.

बौद्धांची बाजू जिंकली असं म्हणायचा मोह इथे होतो. पण नैयायिक इतक्या सहज हटणारे नव्हते. त्यांनी विचारलं होतं: कारण-कार्याची साखळी एवढंच आठवणीला पुरत असेल, तर गुरूची आठवण शिष्याला का येत नाही? गुरूच्या ज्ञानातूनच शिष्याचं ज्ञान उपजतं, म्हणजे साखळी आहेच. मग एक संतान कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, ते तुम्ही कशावरून ठरवता?

या आक्षेपाचं निदान अर्धं उत्तर नागपुरातल्या कोणत्याही आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी पाहायला मिळतं. नऊ महिने पूर्ण झालेलं लेकरू मांडीवर घेऊन आई बसते. सिस्टर शीतपेटीतून गोवर-रुबेलाची बाटली काढते आणि आधी तिच्यावरची खूण पाहते: एक गोल आणि त्यात एक चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. बाटलीला जितकी उष्णता लागते तितका तो चौकोन गडद होत जातो, आणि पुन्हा थंडीत ठेवला तरी फिका होत नाही. ४५ अंशांच्या मे महिन्यात या खुणेचं मोल नागपूरला वेगळं सांगावं लागत नाही. मग कोरड्या भुकटीत थंड द्रावक मिसळतात. एकदा मिसळलं की चार तासांत बाटली संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. उजव्या दंडावर, कातडीखाली, अर्धा मिलिलिटर. लेकरू रडतं. त्याच भेटीत न्यूमोनियाच्या लसीचा बूस्टर असतो आणि जीवनसत्त्व 'अ'चा पहिला डोस तोंडाने पाजतात. जाण्याआधी सिस्टर आईला चार गोष्टी सांगते: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा.

नऊ महिनेच का? गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. आईला गोवर येऊन गेला असेल किंवा तिने लस घेतली असेल, तर त्या अनुभवाचं फळ बाळाला जन्माआधीच मिळालेलं असतं. पण फक्त फळ मिळतं. ते घडवणाऱ्या पेशींचा वंश बाळाच्या अंगात रुजलेला नसतो, म्हणून हे उसनं संरक्षण महिन्यागणिक ओसरत जातं. लस फार लवकर दिली तर आईचीच प्रतिपिंडं लशीतल्या दुबळ्या विषाणूला निकामी करतात आणि बाळाचं शरीर काही शिकत नाही. फार उशीर केला तर मधल्या काळात गोवर गाठतो. या ओढाताणीत नऊ महिन्यांचं वय ठरलेलं आहे. त्या वयात शंभरातल्या साधारण ८५ बाळांत लस लागू पडते, म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस.

म्हणजे गुरूचं फळ शिष्याला मिळू शकतं. आठवण मात्र शिष्याला आपल्या संतानात स्वतःच घडवावी लागते. नैयायिकांनी मागितलेली सीमारेषा इथे बऱ्यापैकी स्पष्ट दिसते: दुभंगत राहणाऱ्या पेशींचा वंश जिथवर, आठवण तिथवर. ही रेषा अगदी कोरीव नाही. बाळाच्या काही पेशी आईच्या शरीरात शिरतात आणि बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही सापडल्या आहेत. निसर्गाने दोन देहांमध्ये भिंत बांधली आहे, पण तिला फटी ठेवल्या आहेत.

बाटलीवरचा तो चौकोनही नैयायिकाच्या कामी येण्यासारखा आहे. उष्णता 'लक्षात ठेवणारा' कागदाचा तुकडाही जर आठवण बाळगत असेल, तर तुम्ही 'आठवण' फार स्वस्त केलीत, असं तो म्हणेल. आक्षेप खरा आहे आणि त्याचा मान राखायला हवा. चौकोनात उष्णता साठत जाते, तेवढंच. तो काही ओळखत नाही. काखेतल्या गाठीत निवड होते, चूक होते, पारख होते, आणि पुढल्या वेळी जे घडतं ते आधीच्या वेळेने बदललेलं असतं. तरी या सगळ्यात जाणीव नाही. एकाही स्मृतिपेशीला 'मला आठवतं' असं वाटत नाही. लसीने न्यायाचा आत्मा खोटा ठरवला, असं म्हणणं म्हणूनच उथळपणाचं होईल. तिने त्या युक्तिवादाची एक पायरी तेवढी काढून घेतली: ओळख पटायला पाहणारा जसाच्या तसा टिकावाच लागतो, ही पायरी.

गोवराने याहून अस्वस्थ करणारा पुरावा पुढे आणला आहे. हा विषाणू नेमका स्मृतिपेशींवरच हल्ला करतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गोवराने त्यांची इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं पुसून टाकली होती. मूल तेच होतं. आईबापांना ओळखत होतं, आपलं नाव सांगत होतं. पण शरीराने वर्षानुवर्षं जमवलेली शिदोरी गेली होती.

माणसाची आठवण आणि शरीराची आठवण यांतला हाच भेद विदर्भात आणखी एका वाटेने भेटतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या भागाचं जुनं दुखणं आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच त्यावर लिहायला सुरुवात केली होती. हा आजार लहानपणीच प्लीहा निकामी करत आणतो, आणि प्लीहा गेली की न्यूमोकोकससारखे जंतू जिवावर उठतात. म्हणून या मुलांना त्या जंतूविरुद्धची लस मिळणं निकडीचं असतं. आजारातून पुरतं बाहेर काढणारा एक उपाय म्हणजे दात्याच्या मज्जेचं प्रत्यारोपण. ते झालं की रक्त नव्या वंशाचं होतं आणि लहानपणीच्या लसींची आठवण बहुतेक नाहीशी होते. डॉक्टर त्या लसी ठरावीक काळाने पुन्हा पहिल्यापासून देतात.

याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मेल्यावर काय जातं, कोणाकडे जातं आणि कोणाला पोहोचतं, हा प्रश्न त्या दिवसापासून इथल्या घराघरांत पंडितांपुरता राहिला नाही. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये 'द बुद्ध अँड हिज धम्म' प्रसिद्ध झालं; बर्नेट यांचा निबंध आला तेच साल. पुस्तकाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी धम्माबद्दलची जी कोडी मांडली, त्यांत हे एक आहे: बुद्धाने आत्मा नाकारला, तरी कर्म आणि पुनर्जन्म मानला असं म्हणतात, मग आत्म्याशिवाय हे घडतं कसं?

त्यांचं उत्तर पुढच्या प्रकरणांत येतं आणि त्याची धार वैद्यकालाही लागू आहे. मूल आपल्या आईबापांकडून वारसा घेतं, हे विज्ञान सांगतं. मूल स्वतःच्याच गतजन्माचा वारस असतं आणि त्याचं दुःख त्याचंच जुनं देणं असतं, हे गतकर्माचा सिद्धांत सांगतो. दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, हे आंबेडकरांनी ठामपणे दाखवलं. सिकलसेलच्या वेदनेने रात्रभर तळमळणाऱ्या लेकराच्या आईला आजही कोणीतरी 'मागच्या जन्माचं पाप' असं सुनावतं. हे बोलणं निर्दय आहे आणि ते खोटंही आहे. त्या मुलाला आईकडून एक आणि बापाकडून एक असं जनुक मिळालं. असं एकच जनुक असलेल्या माणसाला मलेरियाचा घातक प्रकार सहसा मारत नाही, म्हणून ते जनुक मलेरियाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. कोण्या काळच्या पूर्वजांचा ताप त्या रक्तात खूण ठेवून गेला आहे, आणि त्यात त्या मुलाचा अपराध काडीचाही नाही.

साखळी अशीच असते. तिच्यात दुखणं उतरतं, आणि तिच्यात दुसऱ्याने दिलेलं बळही उतरतं. त्या अर्ध्या मिलिलिटरमधल्या विषाणूचा वंश १९५४ मध्ये बोस्टनजवळच्या एका शाळकरी मुलाच्या अंगातून घेतलेल्या गोवराच्या विषाणूपर्यंत मागे जातो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवून तो दुबळा केला गेला, पुण्यात त्याची लस बनते आणि नागपुरातल्या बाळाला ती टोचली जाते. जुलै २०२० मध्ये दंड पुढे करणाऱ्या स्वयंसेवकांनीही आपल्या रक्ताने अशाच एका साखळीत भर घातली. त्यांतल्या कित्येकांना तर फक्त त्या अॅल्युमिनियमच्या क्षाराचा द्राव मिळाला असणार, कारण तुलनेसाठी विषाणूविना डोस घेणाराही एक गट होता, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. दान कोणाच्या नावावर जमा होणार, याचा हिशेब न विचारता त्यांनी ते दिलं.

मज्जा बदललेल्या मुलाकडे दोन्ही पक्षांनी पुन्हा पाहावं. दहाव्या वर्षी शाळेत टोचलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन त्याला लख्ख आठवतं: रांग, मित्राची चेष्टा, दंडाची आग. त्याच्या रक्ताला त्या दिवसाबद्दल काहीही माहीत नाही. बौद्ध या मज्जेकडे बोट दाखवतील आणि संतान तुटलं म्हणून आठवण गेली असं म्हणतील. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. नैयायिक त्या रांगेकडे बोट दाखवतील आणि विचारतील की मग ही आग कोणाला आठवते आहे? त्याचं उत्तर काखेतल्या गाठीत सापडणार नाही. तो वाद आता जाणिवेचा आहे, तो मेंदूपाशी न्यावा लागेल, आणि तिथेही संतान पुरतं की साक्षी लागतो यावर दोन्हीकडची माणसं अजून भांडताहेत.